आधी पाणी, मग केसपेपर

कॅज्युअल्टीत नव्यानं रुजू झालेल्या कुठल्याही माणसाला वाहूळ सिस्टर नाव-गाव विचारायच्या आधी एकच प्रश्न टाकायच्या, "पळायचं कुठून?"

डॉक्टर असो, वॉर्डबॉय असो, की झाडलोट करणारी मावशी. माणूस बावरून इकडेतिकडे बघायचा. मग त्या त्याला मागच्या दारापर्यंत न्यायच्या, कडी काढून दाखवायच्या, त्याच्याकडून पुन्हा लावून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "आता सांगा, नाव काय तुमचं?" एका सर्जनसाहेबांना हे फार लागलं. "सिस्टर, मी इथे पळायला आलेलो नाही," ते म्हणाले. "व्हय साहेब, पण एकदा कडी काढून दावा." साहेबांनी दोन हातांनी जोर लावला, कडी हलेना. गंजली होती. सिस्टरांनी तिथल्या तिथे तेलाची बाटली मागवली आणि साहेबांच्या देखतच कडीला तेल घातलं.

मी त्या कॅज्युअल्टीच्या दाराशेजारी केसपेपरच्या खिडकीवर बसतो. मी करमाडचा; घरची शेती थोरला भाऊ बघतो आणि मी ही नोकरी करतो. खिडकीतून मला पोर्च दिसतो, ॲम्ब्युलन्स दिसते आणि हात जोडणारी माणसं दिसतात. अशा जागी वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला आपण फार मोठे आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटत होतं. ते वाटणं उतरलं वाहूळ सिस्टरांमुळे, आणि त्यासाठी आधी मला शेण खावं लागलं.

सिस्टर ठेंगण्या होत्या, अंगानं रुंद. अंबाडा इतका घट्ट की कपाळ ताणलेलं दिसायचं. मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. आवाज बारीक, त्यामुळे त्यांनी ओरडायचा नाद कधी केलाच नाही. चिडल्या की त्या आणखी हळू बोलायच्या आणि समोरच्याला वाकून ऐकावं लागायचं. दाराकडे पाठ करून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. चहासुद्धा भिंतीला टेकून, उभ्यानं.

त्या कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज म्हणून येऊन पंधरवडा झाला होता. भाद्रपदातला उकाडा होता. दुपारी खुलताबादकडून एका शेतमजुराला आणलं. कपाशीवर फवारणी करताना पाठीवरचा पंप गळला होता आणि औषधानं त्याचा सदरा, बनियन, धोतर सगळं चिंब झालं होतं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सिस्टर त्या वेळी वरच्या मजल्यावर मीटिंगला होत्या. आमच्या नेहमीच्या पद्धतीनं त्याला सरळ आत घेतलं, कॉटवर ठेवलं, दोघी नर्सनी हातांनीच कपडे उतरवले. पोलीस केस असल्यामुळे चौकीचा हवालदार आला आणि म्हणाला, "कपडे टाकू नका, मुद्देमाल आहे." कपडे एका पातळ कॅरीबॅगेत भरले. ठेवायचे कुठे? माझ्या खोलीत. मी ती पिशवी टेबलाखाली, पायाशी ठेवली, खिडकीची काच लावली आणि एसी चालू केला. हवालदार समोर बसून पंचनामा लिहीत होता. मुद्देमाल जपायचा असतो, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. त्यापलीकडे काही जपायचं असतं हे आमच्या डोक्यात आलं नाही.

तासाभरात माझं डोकं ठणकू लागलं. तोंडाला पाणी सुटलं. केसपेपरवरची अक्षरं अंधुक झाली, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. तेवढ्यात हवालदार पंचनाम्यावरच ओकला. दार धाडकन उघडलं आणि वाहूळ सिस्टरांनी मला कॉलरला धरून बाहेर ओढलं, अगदी फरफटत. बाहेर बघतो तर कपडे उतरवणाऱ्या त्या दोन्ही नर्स बाकावर आडव्या पडलेल्या.

कॅज्युअल्टी बंद करावी लागली. संध्याकाळपर्यंत बंद होती. त्या वेळात पडेगावहून छातीत दुखणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्याच्या सुनेनं रिक्षातून आणलं. गेटवरून त्यांना दुसरीकडे पाठवलं. म्हातारा वाटेतच गेला.

हे मला सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी सलाईन लावून पडलो होतो. त्यांनी स्टूल ओढलं, भिंतीला टेकवलं आणि विचारलं, "पिशवी आत कुणी घेतली?"

"हवालदारानं," मी म्हणालो.

"हवालदार म्हणतो तुम्ही."

मग त्यांनी म्हाताऱ्याचं सांगितलं, इतक्या हळू की मला उशीवरून डोकं उचलावं लागलं. "काळेभाऊ, औषधानं तुम्ही पडलात, त्याचं काय नाय, तुम्ही उठाल. पण आपुन पडलो की ते दार बंद होतंय. अन् दार बंद झालं की भाईर कोन येऊन उभं ऱ्हाईल, ते आपल्याला म्हाईत नसतंय." त्या उठून गेल्या. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हेच एक भूत बसलं. विष दाराबाहेर राहिलं पाहिजे आणि आतला एकही माणूस आडवा पडता कामा नये. पोर्चच्या फरशीवर त्यांनी रंगाच्या डब्यातून स्वतः वाकून हातभर रुंद पिवळा पट्टा मारला. पट्ट्याबाहेर नळ, नळाला बागेचा लांब पाईप, घट्ट झाकणाचे दोन निळे ड्रम आणि खिळ्याला टांगलेले रबरी मास्क, बाजूला हवा गाळायचे डबे असलेले. औषध, ॲसिड, पावडर, काहीही अंगावर सांडलेला माणूस पट्ट्याबाहेर थांबणार. कपडे कापून ड्रममध्ये. मग पंधरा मिनिटं पाणी, घड्याळ लावून. मगच आत. माझ्या खिडकीच्या काचेवर त्यांनी खडूनं लिहून ठेवलं होतं: आधी पाणी, मग केसपेपर. सफाईवाली रोज ते पुसायची आणि सिस्टर रोज लिहायच्या.

दर गुरुवारी अकराला सराव. सगळं हॉस्पिटल त्या सरावावर वैतागलेलं. पेशंट कोण होणार? मी. नाही म्हणायला मला तोंड होतं कुठे? थंडीच्या दिवसांत, ओपीडीची अख्खी रांग बघत असताना, बनियनवर उभं करून त्यांनी माझ्यावर पंधरा मिनिटं गार पाणी सोडलं. घड्याळ बघत होत्या. एक मिनिट सूट दिली नाही. रांगेतला एकजण म्हणाला, "क्या हुआ बाबूजी, कितने दिन से नहीं नहाए?" सगळे हसले.

मी टॉवेल गुंडाळून कुडकुडत होतो तर सिस्टर म्हणाल्या, "लाज वाटली?"

"वाटणार नाही का?"

"मग एखाद्या बाईला किती वाटंल!" पुढच्या गुरुवारी पट्ट्याबाहेर तारेवर ऑपरेशन थिएटरच्या जुन्या हिरव्या चादरींचे पडदे लागले होते.

मारामारीचीही त्यांची तयारी अशीच होती. डॉक्टरला मारहाण झाली की आपल्याकडे दोन दिवस काळ्या फिती लावतात, तिसऱ्या दिवशी विसरतात. सिस्टरांनी फिती लावल्या नाहीत. बाहेर बसायच्या जागेतले सलाईनचे लोखंडी स्टँड त्यांनी आत नेले, बाकं जमिनीला बोल्टनं आवळली, ट्रेमधल्या कात्र्या कुलपात ठेवल्या. आणि मला एक वाक्य दिलं. नातेवाईक हाताबाहेर जायला लागले की मी माइकवर म्हणायचं, "निळी फाईल आणा." ते ऐकलं की आतल्या प्रत्येकानं पेशंटला घेऊन मागच्या दारानं वॉर्डात सरकायचं आणि कडी लावायची. "शूर व्हायचं नाय," त्या बजावायच्या. "शूर मानूस कामाचा नसतोय. मानूस शिल्लक पायजे."

यावर आम्ही पाठीमागे हसायचो. कशाला खोटं बोलू, मीही हसायचो.

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. सकाळचे साडेअकरा असतील. शेंद्र्याच्या बाजूनं, जालना रोडवरून एक टेम्पो हॉर्न वाजवत आला आणि पोर्चसमोर करकचून थांबला. एका कारखान्यात ॲसिड भरताना पाईप निसटला होता. साधं ॲसिड नव्हे, हवा लागली की धूर सोडणारं. टेम्पोत सहा कामगार होते. कपड्यांतून पांढरट वाफ निघत होती. माझ्या बंद खिडकीतसुद्धा घशाला खाज सुटली.

सिस्टर मास्क चढवून, लांब रबरी हातमोजे घालून पट्ट्याबाहेर उभ्या होत्या. सोबत दोन वॉर्डबॉय, तेही मास्कमध्ये. सरावातल्यासारखं काम सुरू झालं. पडद्याआड दोघे घेतले, कपडे कापले, पाणी सोडलं. पाणी लागताच वाफेचा लोट उठला आणि पोर्च धुरकट झाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणसं भाजत आहेत आणि हे लोक त्यांना दारातच अडवून नळीनं धुतायत.

बघणारा होता. सगळ्यात जास्त भिजलेला कामगार होता अशोक नावाचा, आणि त्याला टेम्पोतून पाठीवर आणणारा त्याचा धाकटा भाऊ संतोष. त्याच कारखान्यात कामाला. अशोकचा श्वास घरघरत होता. संतोष तडक दाराकडे निघाला. वॉर्डबॉयनं हात आडवा धरला.

"सोड! मरतोय त्यो! आत घे!"

मास्कमधून सिस्टरांचा बारीक आवाज काहीतरी बोलला. कुणालाच कळला नाही. त्यांनी हातानं पट्टा दाखवला, थांबायची खूण केली.

संतोषनं भावाला फरशीवर ठेवलं आणि झाडाच्या आळ्याजवळचा सिमेंटचा ठोकळा उचलला. दोन्ही हातांत, डोक्याच्या वर. टेम्पोबरोबर आलेले दहा-पंधराजण त्याच्या मागे सरकले.

"भाईर का ठिवलं? आँ? दारात उभं करून वरून पानी टाकता? आमच्या आज्याला असंच वरून पानी वाढायचे गावात! वंजळ धरून उभा ऱ्हायचा त्यो! आता दवाखान्यात बी त्येच का?"

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मी करमाडच्या पाटलांच्या आळीतला. तो काय बोलत होता ते मला नीट माहीत होतं. आमच्या घरी ओटीवर वेगळा तांब्या होता, माझ्या आज्याच्या वेळेपर्यंत. माझी मान खाली गेली.

आत त्या वेळी अकरा पेशंट होते. एक बाळंत होऊ घातलेली बाई होती. दोघं ऑक्सिजनवर. हा माणूस त्या वाफाळत्या भावाला उचलून आत घुसला असता तर पाच मिनिटांत सगळी कॅज्युअल्टी लोळली असती आणि दार बंद. माझा हात माइकच्या बटणावर होता. "निळी फाईल" म्हटलं की आतले सुटणार, पण पट्ट्यावरचे सहाही जण वाऱ्यावर, आणि सिस्टरही. मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

मग त्यांनी दोन पावलं पुढे टाकली, सरळ त्या ठोकळ्याखाली. डोक्यामागे हात नेला आणि मास्क काढला.

चेहऱ्यावर रबराचे लाल वळ उठले होते. घाम गळत होता. त्या म्हणाल्या, "जयभीम, भाऊ."

संतोषच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जयभीम."

"मी वाहूळ. तुझ्याच घरातली समज. मी तुझ्या भावाला भाईर ठिवीन व्हय?" त्यांना खोकला आला. तो गिळून त्या बोलत राहिल्या. "त्याच्या कापडात इख हाय. त्ये घिऊन आत गेला तर तिथं एक बाई बाळंत व्हायलीय, ती मरंल. अन् डाक्टर बी पडंल, मग तुझ्या भावाला कोन बघंल? हे पानी त्या पान्यासारखं नाय रे. ठोकळा ठिव. पाईप तू धर. तुझ्याच हातानं घाल त्याला पानी."

ठोकळा खाली यायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. त्यानं तो डोक्यावर मारला नाही, टाकलाही नाही. वाकून हळूच फरशीवर ठेवला. सिस्टरांनी त्याच्या हातात पाईप दिला. त्या स्वतः अशोकच्या उशाशी गुडघे टेकून बसल्या आणि कात्रीनं त्याचा शर्ट कापू लागल्या. पाणी पडत होतं, वाफ थेट तोंडावर येत होती, आणि मास्क त्यांच्या गळ्यात लोंबत होता. एक हात अशोकच्या मानेखाली, दुसऱ्यात कात्री. मास्क वर चढवायला तिसरा हात नव्हता. वॉर्डबॉय दुसऱ्या पेशंटमध्ये गुंतले होते. आणि मी काचेआड बसून होतो. बाहेर जाऊन, खिळ्यावरचा मास्क घालून त्यांचा मास्क वर करता आला असता. मला ते सुचलं नाही असं मी पुष्कळ दिवस सांगितलं. सुचलं होतं. मी घाबरलो होतो.

"किती झाले?" त्यांनी खोकत खोकत विचारलं.

"नऊ मिनिटं," संतोष मनगटावरचं घड्याळ बघत, रडत म्हणाला.

"अजून सहा."

सहाही जण धुऊन आत गेले. अशोक वाचला. ती बाई दुपारी बाळंत झाली. कॅज्युअल्टी एक मिनिटही बंद पडली नाही. संध्याकाळी चारच्या सुमाराला वाहूळ सिस्टर औषधांच्या कपाटाशी उभ्या असताना त्यांना धाप लागली आणि त्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. अशा वाफेचं असंच असतं, छातीत ती उशिरा बोलते. त्या तीन आठवडे आयसीयूत होत्या. घरी गेल्या त्या अर्ध्या फुफ्फुसांनिशी, असं डॉक्टर म्हणाले. नोकरी संपली.

त्या दिवशी वरच्या गॅलरीतून कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला होता. तो गावभर फिरला. मास्क काढलेला तो घामेजलेला चेहरा आणि समोर डोक्यावरचा ठोकळा. हॉस्पिटलला मोठा अभिमान वाटला. सत्कार ठरला. सभागृहात स्टेजवर दहा फुटांचा फ्लेक्स लागला: तोच फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'आमची रणरागिणी'. ज्यांनी दर गुरुवारी नाकं मुरडली होती ते सगळे नवे कपडे घालून आले. पहिल्या रांगेत नर्सिंगच्या नव्या मुली. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या फोनवर तोच फोटो लावलेला.

सिस्टर संतोषच्या हाताला धरून आल्या. स्टेजच्या चार पायऱ्या चढायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. अंबाडा सैल होता. शाल घेतली, नारळ घेतला, आणि मागे वळून फ्लेक्सकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग माइक धरला. आवाज आधीच बारीक, आता तर नुसता वारा. अख्खं सभागृह पुढे वाकलं.

"पाईप त्याच्या हातात दिला, त्ये बरोबर केलं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. श्वास घेतला. "मास्क काढला, त्ये चुकलं. तोंड दावून लगेच वर घ्यायचा व्हता. इसरले. त्यासाठी शाल देत नसत्यात."

कुणीतरी टाळीसाठी हात उचलला. त्यांनी त्या दिशेनं असं बघितलं की तो दुसऱ्या हाताला लागायच्या आत थांबला.

"पोरींनो, ह्यो फोटो बघून उद्या तुमी बी मास्क काढताल. लोक टाळ्या वाजवतात. मंग दारावर कोन ऱ्हाईल?"

त्यांनी माइक खाली ठेवला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी स्टेजच्या कडेला उपस्थितांची नावं लिहीत उभा होतो. "काळेभाऊ, त्यो काळा पेन द्या."

मी जाड मार्कर दिला. त्या फ्लेक्सजवळ गेल्या, टाचा उंचावल्या आणि स्वतःच्या त्या मोठ्या चेहऱ्यावर नाकापासून हनुवटीपर्यंत मास्क काढू लागल्या. बाजूचे डबे काढले. रेघा वाकड्या येत होत्या, मधे मधे हात फ्लेक्सवर टेकवून त्या धाप ओसरायची वाट बघत होत्या. व्यासपीठावरचे साहेब अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. सभागृहात फक्त मार्करची करकर आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता.

डोक्यामागे जाणारे पट्टे राहिले. तिथपर्यंत त्यांचा हात पुरेना. त्यांनी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, आणि मग मार्कर माझ्या दिशेनं धरला.

"तुमी बांधा," त्या म्हणाल्या.

मी स्टेजवर गेलो आणि त्यांच्या फोटोतल्या कानांवरून दोन्ही पट्टे ओढले.